हॉर्नचा घसा

गणपती गेले आणि माझ्या हॉर्नचा घसा बसला.
आधी पालशेतच्या पुलावर वाजवला
तर पलीकडच्या आळीतले दिवे लागायचे.
आता असगोलीच्या उतारावर
म्हाताऱ्या बोकडासारखा खाकरायचा, तेवढंच.

पाववाल्याला तोंड नसतं, हॉर्न असतो.
खारवीवाड्यात माझं नाव विचारलंत
तर पोरं "पाँ" म्हणून सांगतील.
दमयंती सागवेकर दारात उभी:
"काल आला नाहीस. पोरांनी नुसता चहा प्यायला."
आलो होतो.
दोनदा वाजवलाही होता.

वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या.
पहिली रोखीने, दुसरी उधारीवर, तिसरी दुकानदाराशी भांडून.
दहा-दहा दिवस खणखणीत,
मग पुन्हा बोकड.

मकबूल होडेकरने मीटरच्या सुया बॅटरीला टेकवल्या.
"बारा पॉइंट एक. रेस दे."
दिली.
"बारा पॉइंट एक. अजून दे."
गाडी थरथरली, आरसा गळून पडला,
आकडा मात्र भरती विसरलेल्या खाडीसारखा
होता तिथेच.
"बॅटरीला शिव्या घालतोस होय?" तो म्हणाला,
"तिला कुणी वाढतच नाय.
उपाशीपोटी किती दिवस ओरडंल ती?"

सीटखालचा कपलर त्याने ओढून काढला.
अर्धा वितळलेला, अर्ध्यावर हिरवा कीट,
बोटाला लावून चाटला तर खारट.
अठरा वर्षं किनाऱ्याने गाडी हाकतोय,
आणि समुद्र माझ्यामागे
डबलसीट बसून येत होता.

मग डावीकडचं झाकण. पुलर. हातोडीची एकच टिचकी,
आणि मॅग्नेट सुटलं.
त्याबरोबर नखाएवढी अर्धचंद्र चावी कुठेतरी उडाली.
मकबूल, त्याचा भाचा आणि मी
गुडघ्यांवर रांगत, ऑइलच्या चिखलात, पाऊण तास.
चहावाला येऊन रांगला.
शेवटी ती मॅग्नेटलाच आतून चिकटलेली निघाली.
कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

आत कॉइलचं चक्र होतं.
तांबूस गुंडाळ्या गोल बसलेल्या,
त्यातल्या तीन काळ्याठिक्कर,
भट्टीत कोपऱ्यात विसरलेल्या पावासारख्या.
वासही जवळपास तोच.
मी नकळत घड्याळ पाहिलं.

नवी कॉइल चिपळूणहून आली,
साडेतीनच्या एसटीत, ड्रायव्हरच्या डब्याशेजारी.
सोबत रेग्युलेटर:
काड्यापेटीहून थोडा मोठा, पाठीवर माशासारखे कल्ले.
"जास्त आलं तर जिरवतो,
बॅटरीला लागेल तेवढंच देतो," मकबूल म्हणाला.
असा माणूस आमच्या पंचायतीत
अजून निवडून आलेला नाही.

त्याने तारा नव्याने डकवल्या,
जोडांवर ग्रीस थापलं,
कपलरला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला.
"खाऱ्या वाऱ्याला आत यायचं तर
आता दार वाजवून येईल."
किक मारली. रेस.
तेरा. तेरा पॉइंट सहा. चौदा पॉइंट दोन.
मी अंगठा दाबला,
आणि भाचा कानांवर हात ठेवून रस्त्यापलीकडे पळाला.

अठराशे झाले. हजार दिले,
उरलेल्याचे शिमग्यापर्यंत रोज चार बटर.
जळकी कॉइल मागून घेतली.
मकबूल भंगारात तांब्याचे पैसे सांगत होता,
मी नको म्हणालो.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, काळोखात, असगोलीचा उतार.
कोंबड्याच्या आधी मी.
दमयंती पातळ सावरत धावत आली:
"मेल्या, हळू! कानठळ्या बसल्या!"
तिला दोन पाव जास्त दिले.

त्या तीन बॅटऱ्यांतल्या दोन चांगल्याच होत्या,
मकबूलने मग तपासून सांगितलं.
एक आता सागवेकरांच्या होडीवर दिवा लावते.
रात्री खडकावर बसलो की दिसतो, लांब, बारीक,
आणि मी तिला
घातलेल्या शिव्या आठवतो, एकेक.